पडणाऱ्याकडे बघा

आमचे सर पोलीस खात्यातले. बदलीची ऑर्डर आली, ते विदर्भात गेले आणि सांगलीतला ज्युदोचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. मी ब्राउन बेल्ट. रँडोरी, म्हणजे सरावातली मोकळी झटापट, खेळायला मी बरी आहे. पण वर्गाला दर आठवड्याला काहीतरी नवं द्यायचं म्हटल्यावर माझ्याकडची शिदोरी लवकरच संपली. सरांना फोन केला तर म्हणाले, "अगं, यूट्यूबवर सगळं पडलंय. बघ, निवड आणि शिकव." सांगून मोकळे झाले. निवडायचं कसं ते फोनवर कोण सांगणार!

वर्ग म्हणजे समाजमंदिराचा हॉल, त्यात एकमेकांत अडकवायच्या जिगसॉ मॅट, वरून ताणून बांधलेली ताडपत्री. शिकणाऱ्यांत निम्म्या शाळकरी मुली, काही कॉलेजची पोरं, एक फिजिओथेरपिस्ट बाई आणि तालमीतून आलेला एक पैलवान. पैलवानाला घरच्यांनी पोलीस भरतीच्या नादाने ज्युदोला पाठवलं होतं आणि तो मनातून अजून लाल मातीतच होता. या मंडळींसाठी व्हिडिओ निवडायचे होते. शिवाय पालक रोज व्हॉट्सअॅपवर नवं काहीतरी पाठवायचे: "ताई, हे मुलींना शिकवा की."

त्या फॉरवर्डमध्ये बहुतेक वेळा एकच गोष्ट असे. जीन्स घातलेली मुलगी, तिचं मनगट धरणारा एक दांडगा माणूस. ती हात फिरवते, एक पाऊल पुढे टाकते आणि तो हवेत गिरकी घेऊन पाठीवर आपटतो. मागे ढोल-ताशांचं संगीत. आम्ही एक दिवस असा व्हिडिओ हॉलमधल्या टीव्हीवर लावला. पोरी खूश झाल्या. पैलवान मात्र भिंतीला टेकून बघत होता, तो म्हणाला, "ताई, ह्यो गडी आपसूकच पडाय लागलाय की."

पुन्हा लावला, यावेळी वेग पाव करून. खरंच, मुलीचा हात फिरायच्या आधीच त्या माणसाच्या उजव्या पायाची टाच उचलली गेली होती. गुडघा वाकला होता, मान छातीशी आली होती, डावा हात जमिनीवर थाप मारायला मोकळा झाला होता. हे सगळं मुलीने काही करायच्या आत. गडी उडी मारत होता, आणि उत्तम मारत होता. व्हिडिओत खरं कसब कोणाचं असेल तर त्याचं.

तेव्हापासून आमची पहिली चाळणी ठरली: शिकवणाऱ्याकडे बघायचं नाही, पडणाऱ्याकडे बघायचं. ज्युदोत डाव मारणारा तो तोरी आणि ज्याच्यावर डाव होतो तो उके. आपली नजर आपोआप तोरीकडे जाते, कारण बोलतो तो, कॅमेरा त्याच्यावर, नाव त्याचं. उकेकडे बघायची नजर सवयीने येते. मी आवाज बंद करते, कारण समजावणाऱ्याचा आत्मविश्वास कानातून फार लवकर डोक्यात शिरतो. मग व्हिडिओ थांबवून संगणकाच्या कीबोर्डवरची स्वल्पविरामाची आणि पूर्णविरामाची कळ वापरते; यूट्यूबवर त्यांनी एकेक चौकट मागे-पुढे सरकते. उकेची टाच कधी उचलली गेली? तोरीच्या ओढीनंतर, की आधी? उकेचा तोल त्याच्या पायांच्या बाहेर गेला का? की तो छान सरळ उभा आहे आणि मग अचानक हवेत? पडताना त्याचा चेहरा थोडा तरी दचकलेला आहे का? शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण चांगल्या शिक्षकाच्या व्हिडिओत उके कधी कधी खरंच दचकतो, आणि मला तेवढ्यावरून बराच भरवसा वाटतो.

उके किती सहकार्य करू शकतो याला मर्यादा नाही, हे जगाने बघितलेलं आहे. जपानमध्ये यानागी र्‍युकेन नावाचे एक गृहस्थ हात न लावता, नुसत्या 'शक्ती'ने शिष्यांना रांगेने लोळवत. शिष्य खरोखर कोलमडत. त्यात फसवणूक करायचा हेतू असेलच असंही नाही. 2006 साली ते एका मिश्र युद्धकला खेळाडूसमोर उभे राहिले. त्या खेळाडूला ही शक्ती लागूच होईना आणि म्हातारबुवा मार खाऊन खाली बसले. एप्रिल 2017 मध्ये चीनच्या चेंगडू शहरात शू शियाओडोंग या लढवय्याने ‘ताई-ची’ ही चिनी युद्धकला शिकवणाऱ्या वेई लेई यांना आडवं केलं, ती लढत अर्धं मिनिटही टिकली नाही. दोन्हीचे व्हिडिओ उपलब्ध आहेत. मी ते वर्गाला मुद्दाम दाखवले, आणि त्याआधी या दोघांचे शिष्यांबरोबरचे व्हिडिओही दाखवले. लागोपाठ बघितल्यावर उकेबद्दल मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

चाकूच्या व्हिडिओंचा निकाल आम्ही हॉलमध्येच लावला. त्यांत हल्लेखोर एकच वार करतो आणि हात पुढे ताणून तसाच उभा राहतो, जणू फोटो काढून घ्यायचाय. मग नायक निवांत मनगट पकडतो, कोपर मोडतो, चाकू काढून घेतो. आम्ही चाकूऐवजी जाड लाल स्केचपेन घेतलं आणि कॉलेजच्या एका पोराला जुना पांढरा टी-शर्ट घालायला लावला. त्याने व्हिडिओ पाठ केला होता. स्केचपेन दिलं पैलवानाला आणि सांगितलं, एकदाच मारून थांबू नकोस, हात मागे घे आणि पुन्हा मार, दुसऱ्या हाताने त्याची कॉलर धर. अर्ध्या मिनिटात टी-शर्टवर पोटापासून काखेपर्यंत लाल रेघोट्या, दोन गळ्यावर, एक कानाच्या पाळीवर. पोराने मनगट एकदा पकडलंही. पण पैलवानाने कॉलर ओढून त्याला वाकवलं आणि हात सोडवून घेतला. टी-शर्ट आम्ही काही दिवस खिडकीच्या गजाला टांगून ठेवला होता. पालक विचारायचे आणि पोरी सांगायच्या. चाकूचे फॉरवर्ड त्यानंतर कमी झाले. मुलींना मी पळायचं, ओरडायचं आणि पडल्यावर उठायचं कसं एवढंच शिकवते, आणि पालकांनाही तसं तोंडावर सांगते.

आता ज्युदोकडे. ज्युदोत एक सोय आहे: या विद्येचं मूळ घर शाबूत आहे. जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोत कोडोकान सुरू केलं आणि आजही कुठल्या डावाला काय म्हणायचं हे तिथे ठरतं. त्यांच्या यादीत एकंदर 100 तंत्रं आहेत, 68 उभ्याने फेकायची आणि 32 जमिनीवर दाबून धरायची, गळा आवळायची किंवा सांधा पिळायची. या तंत्रांचे छोटे छोटे व्हिडिओ कोडोकाननेच टाकलेले आहेत. डाव वेगवेगळ्या बाजूंनी दाखवलेला, पुन्हा सावकाश दाखवलेला. संगीत नाही, बडबड नाही. मी सुरुवात तिथून केली आणि कोणी विचारलं तर तिथूनच करायला सांगेन.

पण त्यातही उकेकडे बघितलंच. कोडोकानच्या व्हिडिओतला उके सरळ उभा राहतो, ठरलेली पकड देतो, ठरलेलं पाऊल टाकतो. तो खोटं पडत नाही. तोल खरोखर जातो, टाच ओढीनंतरच उचलली जाते. मात्र तो विरोधही करत नाही, कारण डावाचा आकार दिसावा हाच त्या व्हिडिओचा हेतू आहे. आकार कळला, नाव कळलं, पाऊल कुठे आणि हात कुठे ते कळलं. माझ्या वर्गातल्या पोरींनी तसाच्या तसा डाव रँडोरीत मारायचा प्रयत्न केला आणि एकीलाही जमला नाही, कारण समोरची सरळ उभीच राहत नव्हती. ती कमरेत वाकलेली, हात ताठ, कॉलर धरू देईना.

मग मी सामन्यांचे व्हिडिओ बघायला लागले, आणि शिकवायच्या व्हिडिओंत सर्रास काय गाळलेलं असतं ते तिथे दिसलं. शिकवायचा व्हिडिओ दोन्ही हातांची पकड बसल्यावर सुरू होतो. सामन्यातला बराचसा वेळ ती पकड मिळवण्यातच जातो. बाही धरली, झटकली, पुन्हा धरली, कॉलर मिळाली तोवर दुसरी सुटली. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये 100 किलो गटाच्या अंतिम सामन्यात कोसेइ इनोउए यांनी कॅनडाच्या निकोलस गिल यांना उचि-माता, म्हणजे मांड्यांमध्ये पाय घालून उचलून टाकायचा डाव, मारून सुवर्ण घेतलं. तो डाव सगळे पुन्हा पुन्हा बघतात. मी पोरींना सांगितलं, डाव नंतर बघा, आधी त्याच्या अलीकडचं बघा, हात काय करतायत ते. तेव्हापासून शिकवायच्या व्हिडिओसाठी आमची आणखी एक अट झाली: पकड कशी मिळवायची याबद्दल शिक्षक काही बोलतो का? आणि 'समोरच्याने असं केलं तर' हे वाक्य एकदा तरी येतं का? ज्याच्या व्हिडिओत डाव कधीच फसत नाही, त्याचा व्हिडिओ मी सहसा पुढे बघत नाही.

मध्ये एक विचित्र अडचण आली. ताइ-ओतोशी नावाच्या डावाचा एक व्हिडिओ सगळ्यांना आवडला होता, उकेही त्यात प्रामाणिक होता. पण करून बघताना पोरींचे हातपाय एकमेकांत अडकायला लागले. एक म्हणे उजवा पाय, दुसरी म्हणे डावा. शेवटी आमच्या फिजिओ बाईंच्या लक्षात आलं: व्हिडिओतल्या माणसाच्या ज्युदोगीची, म्हणजे ज्युदोच्या अंगरख्याची, उजवी बाजू डावीच्या वर होती. ज्युदोगी नेहमी डावी बाजू वर घेऊनच बांधतात. म्हणजे व्हिडिओच उलटा होता, आरशात दिसतो तसा. दुसऱ्याचे व्हिडिओ उचलून स्वतःच्या नावाने टाकणारे ते पकडले जाऊ नयेत म्हणून असे उलटवून टाकतात. छातीवरच्या पट्टीची अक्षरं उलटी दिसायला हवी होती, पण ती धूसर करून ठेवली होती. आता कुठलाही व्हिडिओ उघडला की वर्गातली सगळ्यात लहान मुलगी आधी गळ्याकडे बघते आणि जाहीर करते, "सरळ आहे, ताई!"

त्याच ताइ-ओतोशीवर फिजिओ बाईंनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि तिच्यामुळे आमचे बरेच व्हिडिओ बाद झाले. या डावात तोरी आपला पाय उकेच्या पायासमोर आडवा, खाली टाकतो आणि हातांनी उकेला त्याच्यावरून पुढे ओढतो. पुष्कळ व्हिडिओंत हा पाय काठीसारखा ताठ, गुडघा पूर्ण सरळ आणि उकेकडे वळलेला. उके अंगाने नीट पुढे गेला नाही आणि तिथेच कोसळला, तर त्याचं सगळं वजन त्या गुडघ्याच्या बाजूवर येतं. बाई म्हणाल्या, "अशी एक जरी पडली तर सहा महिने माझ्याकडेच यायचंय तिला." चांगल्या व्हिडिओत गुडघा किंचित वाकलेला असतो, चवड्यावर टेकलेला, रोख जमिनीकडे. फरक चार बोटांचा. पण दाखवणाऱ्याला तो ठाऊक असतो की नाही ते तेवढ्यात कळतं. त्या दिवसापासून बाईंना नकाराधिकार दिला. त्या गुडघे आणि माना बघतात, आणि नाही म्हणाल्या की नाही.

मानेवरून निघालंच तर: जपानच्या शाळांमध्ये ज्युदो खेळताना 1983 पासूनच्या तीन दशकांत 100 हून अधिक मुलं दगावली. त्यांतल्या कितीतरी जणांच्या डोक्याला मार बसला होता आणि नवशिके त्यात जास्त होते. ओसोतो-गारीसारख्या साध्या, पहिल्या महिन्यात शिकवल्या जाणाऱ्या डावात उके पाठीमागे पडतो. हनुवटी छातीशी नसेल तर डोकं आपटतं. ओसोतो-गारीचे मी जेवढे व्हिडिओ बघितले, त्यांत उकेने कसं पडायचं हे सांगणारे मोजकेच होते. म्हणून नव्या मुलींना डावाचा व्हिडिओ दाखवायचाच नाही, आधी पडण्याचा, उकेमीचा दाखवायचा असं ठरवलं. आमच्या मॅटच्या फटी रुंदावतात, तिथे टाच अडकते. हे कुठल्याच व्हिडिओत येणार नाही, कारण त्यांच्याकडे खरी ततामी, म्हणजे ज्युदोची खास मॅट, असते. ताडपत्री रोज नव्याने ताणायची आणि सगळ्यात जड माणसाने तिच्यावरून चालून बघायचं, हा नियम आमचाच.

काही डाव व्हिडिओवरून अजिबात घ्यायचे नाहीत, अशी एक छोटी यादी भिंतीवर आहे. कानी-बासामी तिच्यात पहिला. तोरी उडी मारून दोन पायांच्या कात्रीत उकेचे पाय धरतो आणि मागे पाडतो. दिसायला इतका देखणा की पोरं हटकून तोच मागतात. 1980 साली सुमिओ एंदो यांनी हा डाव टाकला तेव्हा यासुहिरो यामाशितांसारख्या महारथीच्या पायाचं हाड मोडलं. पुढे हा डाव सामन्यांतून बाद झाला. दुसरा हील हूक, म्हणजे टाच काखेत धरून पाय पिळणं. तो ज्युदोत नाहीच, ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या व्हिडिओंतून येतो. त्यात वेदना उशिरा कळते, तोवर गुडघ्याच्या आतलं काम आटोपलेलं असतं. शेजारी उभं राहून 'सोड' म्हणणारा जाणता माणूस नसेल तर हे शिकूच नये.

पैलवानाचं वेगळंच चाललं होतं. त्याला जुन्या व्हिडिओंत घबाड सापडलं. 2010 पूर्वीच्या सामन्यांत खेळाडू सरळ पाय धरून उचलतात, आणि हे तर त्याच्या घरचं: एकेरी पट, दुहेरी पट, खांद्यावर उचलून टाकायची कलाजंग. "ताई, हे तर आपलंच हाय!" त्याला सांगावं लागलं की आंतरराष्ट्रीय नियमांत 2010 मध्ये पाय धरण्यावर बंधनं आली आणि 2013 पासून ते पूर्ण बंद झालं. जुन्या व्हिडिओवरून शिकलेला पट जिल्ह्याच्या स्पर्धेत मारला तर शिक्षा ठरलेली. त्यामुळे व्हिडिओ कुठल्या सालचा हेही आम्ही बघतो. अर्थात जुनं म्हणून टाकून द्यायचं असंही नाही. क्यूझो मिफुने, जन्म 1883, दहावा दान, म्हणजे ब्लॅक बेल्टमधली दहावी पायरी. त्यांचं उतारवयातलं कृष्णधवल चित्रण आहे. किरकोळ म्हातारा तरुण पोरांना असा काही चकवतो की पैलवानासारखा गडीही गप्प बसून बघतो. त्यातही उके किती मनापासून लढतायत यावर आमचे वाद होतात. शिष्य आहेत, मान राखणारच. पण पाय हलवायची ती वेळ खोटी वाटत नाही.

दहाव्या दानावरून आठवलं. कोडोकानने स्थापनेपासून आजवर फक्त 15 जणांना दहावा दान दिलाय, शेवटचे तिघे 2006 मध्ये. म्हणून चाळिशीतला कोणी पाच-पाच विद्यांत 'ग्रँडमास्टर, टेन्थ दान' असं नावापुढे लावून व्हिडिओ टाकतो तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटतं.

कलाजंगवरून पैलवानाला मी कानोंची एक गोष्ट सांगितली, ती मला स्वतःला फार धीर देते. तरुणपणी कानो ज्या आखाड्यात जात तिथे फुकुशिमा नावाचा धिप्पाड गडी होता. कानो अंगाने लहान, तो काही हलेना. त्यांनी आधी सुमोचे डाव धुंडाळले, मग ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीचं पुस्तक काढलं. त्यातल्या एका डावावरून त्यांनी जो डाव बसवला तो पुढे काता-गुरुमा म्हणून ज्युदोत आला, आपल्या कलाजंगचा सख्खा भाऊ. म्हणजे ज्युदोच्या जनकाने स्वतः एक डाव कागदावरून उचलला होता. मात्र वाचून ते थांबले नाहीत. आधी मित्रांवर करून बघितला आणि मग ज्याला पडायचंच नव्हतं त्या फुकुशिमावर.

आमची शेवटची चाळणी तिथून आली. निवडलेला व्हिडिओ वर्गातल्या दोघांनीच बघायचा. बाकीच्यांना दाखवायचा नाही, सांगायचाही नाही. ते दोघे कोपऱ्यात उचिकोमी करतात, म्हणजे डाव अर्ध्यावर नेऊन परत, पुन्हा अर्ध्यावर नेऊन परत. मग चालत्या पावलात. मग रँडोरीत त्यांना अशा माणसासमोर सोडायचं ज्याने तो व्हिडिओ बघितलेलाच नाही. कारण ज्याने बघितलाय तो नकळत मदत करतो; कुठे पडायचं हे त्याच्या अंगाला आधीच कळलेलं असतं. अनभिज्ञ माणूस तसं काही करत नाही. अशा कामाला पैलवान अव्वल. तो मुळात कोणासाठीच पडत नाही, आणि पडलाच तर आधी उठून "कसं मारलंस?" म्हणून विचारतो. तो विचारेल तो डाव वर्गात घ्यायचा, असा जवळपास रिवाजच पडलाय.

या चाळणीतून जे टिकलं त्यात मला एक गोष्ट जाणवली, ती शिकवणाऱ्यांच्या गुणदोषांपेक्षा डावांच्या जातीशी जास्त बांधलेली आहे. खालचे, जमिनीवरचे डाव व्हिडिओवरून छान येतात. उलथवून वर येणं, दाबून ठेवणं, पालथा पडलेल्याचा हात काढून जुजि-गातामे, म्हणजे कोपर ताणायची पकड, लावणं. इथे थांबता येतं. टीव्हीवर चौकट गोठवायची, मॅटवर आपणही तसंच गोठायचं आणि ताडून बघायचं: गुडघा त्याच्या खांद्याला चिकटलाय का, अंगठा वर आहे का. याउलट देआशि-बाराइ, पाय झाडायचा डाव. समोरच्याचं वजन पायावर पूर्ण यायच्या आणि पूर्ण जायच्या मधल्या क्षणी तळव्याने त्याचा पाय सरकवायचा. सावकाश दाखवला की तो डाव मरतो, कारण सावकाश चालणाऱ्या उकेचा तो क्षणच नाहीसा होतो. आणि वेगाने दाखवला की काही दिसत नाही. आम्ही बरेच चांगले, प्रामाणिक व्हिडिओ बघून हा डाव घासला. ज्या दोघींना आला त्यांना सरांनी, रजेवर आले तेव्हा, हातात हात धरून हॉलभर चालवत नेलं आणि 'आत्ता', 'आत्ता', 'आत्ता' म्हणत राहिले, तेव्हा आला.

कुस्तीच्या मैदानांची थेट प्रक्षेपणं मी आता वेळ काढून बघते. गावोगावच्या जत्रेतली मैदानं तासन्‌तास चालतात, निवेदक घसा कोरडा करत असतो, कॅमेरा मध्येच फेट्यांमागे जातो. शिकवायचा कोणाचाच हेतू नाही. पण तिथे एकही गडी दुसऱ्यासाठी पडत नाही. निकाली कुस्ती असेल तर पाठ लागेपर्यंत सुटका नाही. धोबीपछाड बसते तेव्हा खालच्याने काय काय करून बघितलं होतं तेही सगळं दिसतं. ज्युदोचा इप्पोन-सेओइ-नागे, म्हणजे खांद्यावरून फेकायचा डाव, शिकवताना मी कोडोकानचा व्हिडिओ दाखवते आणि पाठोपाठ एखादी धोबीपछाड. अंगात ज्युदोगी नाही, बाही नाही, पकड वेगळी. तरी कंबर खाली जाते आणि खांदा आत शिरतो ते तेच.

पैसे देऊन घ्यायच्या कोर्सचं म्हणाल तर आम्ही एक घेतला, वर्गणी काढून. त्यांचे दर डॉलरमध्ये, लांबी दहा-दहा तासांची आणि जाहिरात अशी की हे घेतलं नाही तर तुम्ही आजवर चुकीचंच खेळलात. घेण्यापूर्वी दोन गोष्टी केल्या. त्या शिक्षकाच्या फुकट उपलब्ध तुकड्यांना आमच्या चाळण्या लावल्या. आणि त्याचे स्वतःचे सामने न बघता त्याच्या शिष्यांचे शोधले. काही माणसं स्वतः अफाट खेळतात आणि त्यांना का जमतं हे त्यांनाच सांगता येत नाही. शिष्य त्यांचेच डाव अनोळखी माणसांवर मारताना दिसले तर शिकवणं पोचतंय. या शिक्षकाचे शिष्य मारत होते. कोर्स जमिनीवरच्या डावांचा घेतला, उभ्या डावांचा घेतला नाही. पहिला तासभर नुसती पाल्हाळ आहे, पण पालथ्या पडलेल्याला उलटवण्याचा भाग असा आहे की शाळकरी पोरी आता फिजिओ बाईंना सहज उताणं करतात, आणि बाई तक्रार करत नाहीत.

सध्या शोध चाललाय डावखुऱ्यांसाठी. वर्गात दोन नव्या मुली डावखुऱ्या आल्यात आणि उजवी विरुद्ध डावी अशी पकड पडली की आमच्याकडचे निम्मे व्हिडिओ निकामी होतात. कॉलरवरचे हात समोरासमोर येऊन भिडतात, बाही हाती लागतच नाही. शोधून तीन सापडलेत. एकात पाय चौकटीबाहेर आहेत. दुसऱ्यात उके फारच समजूतदार आहे. तिसऱ्यात शिक्षकाचा पहिला प्रयत्न फसतो, उके बाही सोडवून घेतो, दोघे हसतात आणि तो पुन्हा पकडीपासून सुरू करतो. तो सोमवारी त्या दोघींना दाखवायचाय. पैलवानाला तेवढा वेळ बाहेर ताडपत्री धुवायला पाठवीन.